ब्रिटिश पब आणि अमेरिकन बार: फरक पैसे देण्याच्या रीतीत

पुण्या-मुंबईत ‘पब’ म्हटले की मंद दिवे, कानठळ्या बसवणारे संगीत आणि दारावरचे बाउन्सर डोळ्यांसमोर येतात. त्यामुळे ब्रिटनमधला पब आणि अमेरिकेतला बार ही एकाच गोष्टीची दोन नावे असावीत, असा समज सहज होतो. दोन्हीकडे काउंटर असतो, मागे बाटल्यांची रांग असते आणि बिअर मिळते, एवढे साम्य खरे आहे. मात्र तिथे माणसे एकमेकांशी कशी वागतात हे समजून घ्यायचे असेल, तर पैसे कोण, कधी आणि कोणाला देतो याकडे पाहावे. माझ्या मते दोन्ही समाजांच्या मैत्रीच्या रीती नेमक्या तिथेच वेगळ्या होतात.

पारंपरिक ब्रिटिश पबमध्ये पेयासाठी टेबलाशी बसून वेटरची वाट पाहायची नसते. चौघे मित्र आत शिरले की एक जण सर्वांना काय हवे ते विचारतो आणि काउंटरवर जातो. तिथे रांग दिसत नाही, तरी आपल्या आधी कोण आले आहे हे प्रत्येकाच्या ध्यानात असते. एखाद्याला चुकून आधी विचारले गेलेच, तर तो शेजाऱ्याकडे हात करून ‘यांचा नंबर आधी’ असे सांगतो. गिनेस ही काळी आयरिश बिअर हवी असेल तर ती सर्वांत आधी सांगावी, कारण ती बरीचशी भरून स्थिरावू देतात आणि मगच ग्लास काठोकाठ भरतात. पैसे तिथल्या तिथे चुकते होतात आणि टीप अपेक्षित नसते. पहिल्याने आणलेले ग्लास संपत आले की दुसरा उठतो, मग तिसरा, मग चौथा. यालाच राउंड म्हणतात. हिशेब कोणी लिहून ठेवत नाही, पण आपली पाळी येण्याआधी काढता पाय घेणारा माणूस सर्वांच्या बरोबर लक्षात राहतो. दारू न पिणाऱ्याने खुशाल संत्र्याचा रस घ्यावा, त्याबद्दल सहसा कोणी काही म्हणत नाही. मात्र पाळी चुकवू नये. ब्रिटनमध्ये नव्याने गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांनी एवढे आवर्जून ध्यानात ठेवावे.

या प्रथेची दुसरी बाजू गंभीर आहे. ब्रिटिश पाइंट, म्हणजे पबमधल्या बिअरच्या मोठ्या ग्लासाचे माप, ५६८ मिलिलिटरचा असतो, म्हणजे चौघांच्या पाळ्या पूर्ण होईपर्यंत प्रत्येकाच्या पोटात सव्वादोन लिटरहून अधिक बिअर जाऊ शकते, आणि सर्वांत भराभर पिणाराच इतरांचा वेग ठरवतो. पहिल्या महायुद्धात दारूमुळे युद्धसामग्रीच्या उत्पादनाला खीळ बसू नये म्हणून १९१५ मध्ये लंडनसह अनेक भागांत दुसऱ्यासाठी दारू विकत घेण्यावरच बंदी घातली गेली होती. ती बंदी उठली आणि राउंड पुन्हा रूढ झाली. शिवाय काउंटरवरची ही बरोबरी सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील एल विनो या वाइन बारमध्ये स्त्रियांना काउंटरपाशी उभे राहून पेय दिले जात नसे. १९८२ मध्ये अपील न्यायालयाने तो नियम बेकायदा ठरवला, तेव्हा कुठे तो संपला.

अमेरिकन बारमध्ये नाते बहुतांशी ग्राहक आणि बारटेंडर यांच्यात जुळते. स्टुलावर बसून कार्ड दिले की आपल्या नावाचे खाते उघडते, आणि निघताना ज्याने-त्याने आपापले बिल द्यावे, म्हणजे आपल्याकडच्या ‘तुझे तू, माझे मी’सारखा व्यवहार, हे तिथे अगदी स्वाभाविक आहे. त्या बिलावर साधारण १५ ते २० टक्के टीप द्यावीच लागते. टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचे किमान वेतन केंद्रीय कायद्यानुसार १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरच आहे. अनेक राज्यांच्या कायद्यांत ते अधिक आहे, पण पुष्कळ ठिकाणी बारटेंडरचे घर टिपेवरच चालते. त्याच्या आपुलकीच्या गप्पा खोट्या असतात असे मी मुळीच म्हणणार नाही, मात्र त्या त्याच्या कामाचा भाग असतात.

वयाच्या अटीनेही मोठा फरक पडतो. १९८४ च्या केंद्रीय कायद्याने महामार्गांचा निधी रोखण्याचा धाक दाखवून सर्व राज्यांना मद्यखरेदीचे वय २१ वर आणायला लावले. त्यामुळे महाविद्यालयीन मुलांचा मोठा वर्ग बारबाहेरच राहिला. ब्रिटनमध्ये ही मर्यादा १८ आहे, आणि रविवारी दुपारी रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मांसाचे जेवण, जेवायला आजी-आजोबा, लहान मुले आणि कुत्रा असे सगळे कुटुंब पबमध्ये येऊ शकते. त्यातच अमेरिकी उपनगरांत घरे आणि दुकाने कायद्यानेच वेगवेगळ्या भागांत बसवलेली असतात, म्हणून बारला जायचे तर अनेकदा गाडी काढावी लागते. पायी गाठता येणारा ‘आपला’ पब तिथे सहसा रुजत नाही.

युरोपच्या मुख्य भूमीवरचा कॅफे या दोहोंपेक्षा निराळा आहे. पॅरिसमध्ये सेवेचे शुल्क किमतीतच धरलेले असते, आणि तीच कॉफी काउंटरवर उभ्याने स्वस्त, तर बाहेरच्या टेबलावर महाग पडते. इटलीतही बहुधा हीच रीत दिसते. ग्राहक जणू जागेचे भाडे भरतो, म्हणून एका कपावर तासभर बसलेल्याला कोणी उठवत नाही.

कोविडच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, इंग्लंडच्या पबना टेबलावरच पेये देण्याची सक्ती झाली. जुलै २०२१ मध्ये ती उठली. परंतु मोबाइलवरून टेबलावर पेय मागवण्याची सोय अनेक साखळी पबमध्ये कायम राहिली आहे. तिथे प्रत्येक जण आपल्याच फोनवरून आपल्यापुरते मागवू आणि त्याचे पैसे भरू शकतो. ही सोय सरसकट वापरली जाऊ लागली, तर पबचा व्यवहार अमेरिकन बारच्या दिशेने सरकेल, अशी मला मनापासून काळजी वाटते.