कॅसेटमधले टाळ आणि एमपी३ची कात्री

लालबाग-परळच्या कितीतरी घरांत भजनी मंडळांच्या जुन्या कॅसेट अजून जपून ठेवलेल्या आहेत. मुंबईच्या दमट हवेत फितीला बुरशी लागते, आणि धड चालणारा टेपरेकॉर्डरही आता सहजी मिळत नाही. म्हणून लॅमिंग्टन रोडवरून केबल आणायची, टेप कॉम्प्युटरला जोडायचा आणि कॅसेट उतरवून घ्यायची, हे अगदी योग्य काम आहे. चूक होते ती पुढे, फाइल सेव्ह करताना. वेव्ह, फ्लॅक, एमपी३, एएसी, ऑपस अशी फॉरमॅटची, म्हणजे आवाज साठवायच्या पद्धतींची, यादी समोर येते आणि हात सवयीने एमपी३कडे जातो. कॅसेट पुन्हा वाजेल याची खात्री नसेल तर ही सवय महागात पडते.

कॉम्प्युटर आवाज साठवतो तो आकड्यांत. सीडीच्या दर्जात ध्वनिलहर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते, प्रत्येक माप १६ बिटांचं, आणि डावा-उजवा असे दोन चॅनल. आपल्या कानाची वरची मर्यादा साधारण २० हजार हर्ट्झ. एखादी लहर नीट पकडायची तर तिच्या वारंवारतेच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजावं लागतं, म्हणून हा आकडा. वेव्ह फाइलमध्ये ही मापं जशीच्या तशी असतात. मिनिटाला सुमारे १० एमबी, म्हणजे ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पावणेपाचशे एमबी. तीच बाजू १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३मध्ये ४३ एमबीत मावते.

हे कसं जमतं? लोकल धडधडत फलाटात शिरली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मोठा आवाज जवळच्या वारंवारतेच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो, आणि हे झाकणं कानात आणि मेंदूत घडतं. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि इतरांनी याच गुणधर्मावर काम केलं. त्यातून आलेल्या एमपी३चं प्रमाण १९९३मध्ये प्रसिद्ध झालं. एन्कोडर, म्हणजे एमपी३ बनवणारा प्रोग्राम, आवाजाची वारंवारतांमध्ये फोड करतो, कुठली झाकली जाणार याचा अंदाज बांधतो आणि तिथले आकडे ढोबळ करतो किंवा सरळ पुसतो. काही बचत आकडे आटोपशीर लिहिण्यातूनही होते, पण जे पुसलं ते गेलं.

भजनात हे सगळ्यात आधी कळतं ते टाळांवर. एमपी३ आवाज तुकड्यातुकड्याने हाताळते; तिची एक फ्रेम १,१५२ मापांची, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांची. टाळाचा ठोका क्षणात उसळतो. तो तुकड्याच्या मध्यावर पडला तर ढोबळपणामुळे आलेली चूक सगळ्या तुकड्यावर पसरते, ठोक्याच्या आधीच्या शांत भागावरसुद्धा. ठोका पडण्याआधीच बारीक ‘स्स्स’ उमटतं आणि टाळाची धार बोथट होते. चांगला एन्कोडर अशा जागी तुकडे आखूड करतो. पण बिट कमी दिले असतील तर तोही काय करणार!

काय गेलं ते कानांनी ऐकता येतं. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. एका ट्रॅकवर मूळ वेव्ह, दुसऱ्यावर तिच्यापासून केलेली एमपी३ ठेवा. एमपी३ कधीकधी काही मिलिसेकंदांनी मागे सरकलेली असते, ती जुळवून घ्या. मग एक ट्रॅक ‘इन्व्हर्ट’ करून, म्हणजे त्याची लहर उलटी करून, दोन्ही एकत्र वाजवा. सारखं असलेलं एकमेकांना खोडतं आणि फक्त फरक उरतो: खरखरीत, तुटक, पण टाळांचा ठेका स्पष्ट ओळखू येणारा. घरी एकदा तरी करून पाहावा असा हा प्रयोग आहे.

फ्लॅकची रीत निराळी. २००१मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. आधीच्या मापांवरून पुढच्या मापाचा अंदाज बांधायचा आणि अंदाज किती चुकला तेवढंच लिहायचं. उलट हिशेब केला की एकूण एक बिट परत मिळतो. फाइल बरेचदा निम्म्याच्या आसपास येते. कॅसेटची मात्र जरा मोठी राहते, कारण फितीच्या खरखरीचा अंदाज बांधता येत नाही.

तेव्हा पहिली प्रत फ्लॅकमध्येच ठेवावी, आणि नातेवाइकांना पाठवायला, लोकलमध्ये ऐकायला लागतील त्या एमपी३ तिच्यापासून कराव्यात. एमपी३पासून एएसी, त्यापासून पुन्हा एमपी३ असं करत गेलं की दर खेपेला नवी कात्री लागते. एमपी३ची फ्लॅक केली तर फाइल फुगते, आवाज तेवढाच राहतो. फाइलच्या नावातलं ‘.mp3’सारखं शेपूट बदलणं हे तर रूपांतरच नव्हे. उलट, मोबाइलवर आरतीचा व्हिडिओ घेतला असेल तर त्यात आवाज बहुधा एएसीमध्येच असतो. एफएफएमपेगसारख्या साधनाने तो पुन्हा एन्कोड न करता, जसाच्या तसा बाहेर काढता येतो. आणि रेकॉर्ड करताना मीटर लाल रेषेला टेकू देऊ नका. तिथे कापली गेलेली लहर कुठलाही फॉरमॅट पूर्ववत करत नाही.

फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजाच्या आकड्यांवरून काढलेली एक खूणसंख्याही साठवलेली असते. वर्षा-दोन वर्षांनी फाइल तपासायला लावली की सॉफ्टवेअर ती संख्या पुन्हा काढून पाहतं. जुळली नाही, तर दुसऱ्या हार्ड डिस्कवरची प्रत लगेच तपासून घ्यायची आणि ती शाबूत असेल तर तिचीच नवी नक्कल करायची.