डायलॉग बंद करताना ॲप का कोसळतं?

फ्लटरमध्ये, म्हणजे अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी एकाच कोडमधून ॲप बनवायच्या साधनात, ॲप लिहिणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रकार भेटतो. सर्व्हरकडून उत्तर येईपर्यंत ‘थांबा’ म्हणणारा डायलॉग, म्हणजे स्क्रीनवर उघडणारी छोटी चौकट, दाखवायचा आणि उत्तर आलं की तो बंद करायचा, इतकं साधं काम. आपल्या टेबलावर ते शंभर वेळा नीट चालतं. वापरणाऱ्याच्या फोनवर मात्र डायलॉगसोबत मागची स्क्रीनही नाहीशी होते, समोर नुसता काळा पडदा उरतो आणि अर्धा भरलेला फॉर्म गेलेला असतो. हा दोष एकट्या फ्लटरचा नाही. मोबाइलवर डायलॉग आला तेव्हापासून तो वेश बदलत आलेला आहे, आणि आजची चूक नेमकी कुठे शोधायची हे त्या जुन्या वेशांकडे पाहिलं की बरंच स्पष्ट होतं.

अँड्रॉइडवर डायलॉग ही स्वतंत्र विंडो असते आणि ती एखाद्या ॲक्टिव्हिटीच्या, म्हणजे ॲपच्या एका स्क्रीनच्या, आधाराने उभी राहते. फोन आडवा केला की ॲक्टिव्हिटी सहसा मोडून नव्याने बांधली जाते. जुना डायलॉग ज्या ॲक्टिव्हिटीच्या नावावर होता तीच मग शिल्लक राहत नाही. 2009 मध्ये अँड्रॉइड 1.5 सोबत असिंकटास्क आला. पार्श्वभूमीत काम करायचं आणि ते संपल्यावर, काम चालू असल्याचं दाखवणारा प्रोग्रेसडायलॉग बंद करायचा, ही पद्धत त्याच्यामुळे घराघरात पोहोचली. काम चालू असताना कोणी फोन फिरवला, की काम संपल्यावर बंद करायला गेलेला डायलॉग खिडक्यांच्या यादीत सापडायचा नाही आणि ॲप कोसळायचं. ॲक्टिव्हिटी संपल्यावर डायलॉग दाखवायला गेलात तर ‘विंडोला आधारच नाही’ म्हणत ॲप पाडणारं बॅडटोकनएक्सेप्शन ठरलेलं. पुढे गूगलने या दोन्ही गोष्टी मोडीत काढल्या, 2017 मध्ये प्रोग्रेसडायलॉग आणि 2020 मध्ये असिंकटास्क. दोन्ही जाण्यामागे इतरही कारणं होती, पण या जोडीने दिलेला त्रास कुणी विसरलेलं नाही.

2011 च्या हनीकोंबमध्ये, म्हणजे अँड्रॉइड 3.0 मध्ये, डायलॉगफ्रॅगमेंट आला. फोन फिरवल्यावर डायलॉग पुन्हा उभा करायची जबाबदारी आता व्यवस्थेने घेतली, आणि ती मोठी सुधारणा होती. पण तिच्यासोबत नवी अट आली: स्क्रीनची अवस्था जतन झाल्यानंतर तुम्ही डायलॉग दाखवू किंवा काढू गेलात तर इलिगलस्टेटएक्सेप्शन, म्हणजे पुन्हा कोसळणं. वापरणारा ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेला आणि नेमकं तेव्हाच सर्व्हरचं उत्तर आलं, की झालंच. ‘अवस्था हरवली तरी चालेल’ असं सांगणारी वेगळी पद्धत वापरून अनेकांनी हे एक्सेप्शन दाबलं. मला तो उपाय कधीच पटला नाही. ॲप कोसळायचं थांबतं, पण डायलॉग हरवू शकतो आणि क्रॅशच्या अहवालात त्याची खूणही राहत नाही.

आयफोनवर गोष्ट वेगळी होती. सुरुवातीचा यूआयअलर्टव्ह्यू, म्हणजे तिथला अलर्ट दाखवणारा डायलॉग, कुठल्याही स्क्रीनचा मिंधा नव्हता. 2014 मध्ये आयओएस 8 सोबत यूआयअलर्टकंट्रोलर आला आणि अलर्टलाही स्क्रीनचा आधार लागू लागला. तो आधार दृश्यात नसेल तर सहसा लॉगमध्ये एक इशारा उमटतो आणि अलर्ट दिसतच नाही. आयपॅडवर मात्र ॲक्शन शीट, म्हणजे पर्यायांची यादी, कुठून उघडायची हे सांगितलं नाही, तर ॲप थेट कोसळतं.

म्हणजे एकाच चुकीला एका फोनवर क्रॅश आणि दुसऱ्यावर शांतता. दोन्हींसाठी एकच कोड लिहू देणारी साधनं या जमिनीवर उभी राहिली. 2014 च्या झामरिन फॉर्म्समध्ये अलर्ट दाखवण्याचं काम पेजकडे, म्हणजे स्क्रीनकडे, होतं आणि उत्तराची वाट पाहायला सी शार्प भाषेचं अवेट होतं. कोड वाचायला सुंदर झाला, पण अवेटच्या आधीची ओळ आणि नंतरची ओळ यांमध्ये वेळ जातो, हे डोळ्यांना दिसेनासं झालं. त्या वेळात पेज बदललेलं असू शकतं. 2015 च्या रिॲक्ट नेटिव्हने मोडल, म्हणजे बाकी स्क्रीन अडवून उघडणारी चौकट, खालच्या मूळ व्यवस्थेकडेच सोपवलं, त्यामुळे आयओएसवर एक मोडल पुरतं मिटण्याआधी दुसरं उघडू पाहणाऱ्यांना तिथल्या मर्यादा जशाच्या तशा मिळाल्या.

फ्लटरने 2018 च्या डिसेंबरमध्ये 1.0 गाठली ती वेगळ्या विचाराने. सगळं चित्र तो स्वतः रंगवतो, म्हणून त्याच्या डायलॉगला ना अँड्रॉइडची वेगळी विंडो लागते ना आयओएसचा कंट्रोलर. डायलॉग हाही एक रूटच, म्हणजे एक पान, स्क्रीनची ये-जा सांभाळणाऱ्या नेव्हिगेटरच्या चळतीत इतर स्क्रीनच्या वर ठेवलेलं. बॅडटोकनचा प्रश्न त्याने मुळातूनच संपवला.

पण चळत म्हटलं की ‘वरचं काढ’ ही आज्ञा, म्हणजे पॉप, आली. पॉप ‘डायलॉग काढ’ म्हणत नाही, जे सर्वांत वर असेल ते काढतो. काळ्या पडद्याचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं. शोडायलॉग या फंक्शनने उघडलेला डायलॉग बाहेर टॅप केलं की मूळ सेटिंगनुसार मिटतो. ते बंद केलं तरी अँड्रॉइडचं बॅक बटण त्याला मिटवतंच, ते अडवायला पॉपस्कोप हा बॅक रोखणारा घटक वेगळा लावावा लागतो. वापरणाऱ्याने कंटाळून बॅक दाबलं, डायलॉग गेला, दोन सेकंदांनी उत्तर आलं, कोडने पॉप म्हटलं आणि मागची स्क्रीन गेली. ती चळतीतली शेवटची असेल तर दाखवायला काहीच उरत नाही. एकात एक नेव्हिगेटर असतील तर गुंता वाढतो: डायलॉग मूळ सेटिंगनुसार सर्वांत बाहेरच्या नेव्हिगेटरवर बसतो आणि स्क्रीनचा कॉन्टेक्स्ट (ती ॲपमध्ये कुठे बसली आहे याची खूण) देऊन केलेला पॉप आतल्या नेव्हिगेटरला लागतो.

दुसरं कारण कॉन्टेक्स्टचं. अवेटनंतर विजेट, म्हणजे स्क्रीनचा एक घटक, फ्लटरच्या विजेटच्या झाडावरून उतरलेलं असेल तर त्याच्या कॉन्टेक्स्टवरून नेव्हिगेटर शोधणं धोक्याचं असतं. डीबगमध्ये, म्हणजे चाचणीच्या ॲपमध्ये, याची सविस्तर सूचना मिळते. रिलीजमध्ये, म्हणजे वापरणाऱ्यापर्यंत जाणाऱ्या ॲपमध्ये, असर्ट (कोडमधल्या तपासण्या) गाळले जातात आणि अहवालात उरते नल चेकची (मूल्य रिकामं निघाल्याची) एक त्रोटक ओळ, जिच्यावरून डायलॉगचा संशयही येत नाही. विजेटच्या स्टेटमध्ये माउंटेड, म्हणजे विजेट अजून झाडावर आहे का, हे तपासण्याची सोय जुनीच होती. 2023 च्या जानेवारीत, फ्लटर 3.7 मध्ये, ती थेट बिल्डकॉन्टेक्स्टवर आली आणि असा स्टेट नसलेल्या स्टेटलेस विजेटलाही मिळाली. अवेटनंतर कॉन्टेक्स्ट वापरला तर हटकणारा लिंटचा, म्हणजे कोड तपासणाऱ्या साधनाचा, नियमही आहे, आणि तो बंद करून ठेवणाऱ्या टीमना माझी कळकळीची विनंती आहे की तो चालू करा.

मात्र माउंटेड तपासलं म्हणजे सगळं झालं, हा समज चुकीचा आहे. वरच्या उदाहरणात मागची स्क्रीन जिवंतच आहे, तिचं माउंटेड ‘खरं’ असंच उत्तर देणार, आणि पॉप तिलाच उडवणार. डायलॉग बांधणाऱ्या बिल्डरमधून मिळणारा डायलॉगचा स्वतःचा कॉन्टेक्स्ट तपासला तर बरं, पण मिटतानाच्या ॲनिमेशनच्या काळात, साधारण 150 मिलिसेकंद, तोही माउंटेडच असतो. म्हणून तो रूट अजून सर्वांत वर आहे का, हेच विचारावं. किंवा डायलॉगचा रूट स्वतः तयार करून हाताशी ठेवावा आणि तो अजून चळतीत असेल तर नाव घेऊन तोच काढावा.

2023 च्या नोव्हेंबरमध्ये, फ्लटर 3.16 मध्ये, बॅक रोखणाऱ्या जुन्या विलपॉपस्कोपच्या जागी पॉपस्कोप आला. अँड्रॉइडला मागे जाण्याची झलक आधीच दाखवायची होती, त्यामुळे बॅक दाबल्यावर ‘जाऊ का?’ असं विचारून उत्तराची वाट पाहणं शक्य राहिलं नाही. जाता येईल की नाही, हे आता आधीच सांगून ठेवावं लागतं. ‘बदल जतन न करता बाहेर पडायचं का?’ असं विचारणारे जुने डायलॉग या बदलात नव्याने लिहावे लागले. कुठल्याही जुन्या प्रोजेक्टमध्ये शोध घ्यायचा तर मी आधी तेच डायलॉग उघडेन: पॉपस्कोपच्या आत विचारलेला प्रश्न, त्याचं अवेट, आणि त्याच्या खालच्या ओळीतला पॉप.