भाड्याची गाडी आणि इंग्लंडमधला पार्किंगचा दंड

परदेशात भाड्याच्या गाडीला पार्किंगचा दंड झाला, तरी मायदेशी परतल्यावर तो आपोआप बुडतो, हा पर्यटकांमध्ये वर्षानुवर्षे फिरणारा समज चुकीचा आहे. इंग्लंडमध्ये कौन्सिलची, म्हणजे स्थानिक प्रशासनाची, नोटीस प्लास्टिकच्या पाकिटात घालून काचेवर लावलेली असते. ती फेकून दिली, तरी पुढचे पत्र गाडीच्या नोंदणीकृत धारकाकडे, म्हणजे सहसा भाडे-कंपनीकडे जाते. कंपनी एकतर दंड भरून करारातील कलमानुसार तो ग्राहकाच्या क्रेडिट कार्डावरून वसूल करते किंवा ग्राहकाचे नाव-पत्ता कौन्सिलला कळवते, आणि दोन्ही वेळा स्वतःचे शुल्क बहुधा वेगळे लावते. १४ दिवसांत भरल्यास मिळणारी ५० टक्के सवलत तोवर हातची गेलेली असते. माझ्या मते खरे नुकसान हेच आहे.

फलक दिसला नाही, ही सबबही रस्त्याच्या कडेला आखलेल्या दुहेरी पिवळ्या रेषांवर चालत नाही, कारण तेथे गाडी उभी करण्यास चोवीस तास मनाई असते आणि त्यासाठी वेगळा फलक लागत नाही. एकेरी रेषेच्या वेळा मात्र जवळच्या फलकावर दिलेल्या असतात. खासगी वाहनतळाची नोटीस दिसायला अशीच असली, तरी ती करारभंगाबद्दलची मागणी असते आणि तिच्याविरुद्ध दाद मागण्याची व्यवस्था निराळी असते, म्हणून नोटीस कोणी दिली आहे, हे आधी वाचावे.