रणगाड्याचे पट्टे नारिंगी नसतात

रणगाड्याच्या मॉडेलला पट्ट्यांवर, म्हणजे चाकांभोवती फिरणाऱ्या साखळीवर, भरपूर नारिंगी गंज दाखवला की ते खरं वाटतं, असं सोलापुरात नव्याने मॉडेल करणाऱ्या मुलांना आजही सांगितलं जातं. ते चूक आहे.

होटगी रोडला कुठे पोकलेन चालू असेल तर त्याची चेन जवळून पाहा. जमिनीला घासणाऱ्या कडा चकचकीत, खोबणीत काळ्या मातीचे लपके, आणि गंज म्हणाल तर कोपऱ्यांत गडद तपकिरी. नारिंगी थर चढतो तो यंत्र पावसात नुसतं उभं राहिलं की. चालायला लागलं की तो घासून जातो. रणगाड्याचंही तेच. शिवाय अमेरिकन शर्मन रणगाड्याच्या अनेक पट्ट्यांना रबराचे ठोकळे असत. रबर गंजेल कसं?

१:३५ च्या, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढ्या मॉडेलवर मी आधी गडद तपकिरी देतो, खोबणीत मातीच्या रंगाची कोरडी पूड बसवतो आणि शेवटी पेन्सिलीचं शिसं बोटावर घेऊन फक्त उंच कडांवर घासतो. लोखंड तिथे अक्षरशः उगवतं. मला हीच पायरी सगळ्यात प्रिय. नारिंगी राखून ठेवा सायलेन्सरसाठी. तापून तिथला रंग जळतो, पत्रा उघडा पडतो आणि खरोखर गंजतो.