ट्रिबल

ट्रिबल हा ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतील एक काल्पनिक प्राणी आहे. जीन रॉडनबेरी यांनी निर्माण केलेल्या या विज्ञानकथा मालिकेच्या दुसऱ्या हंगामातील ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ या भागात तो प्रथम दिसला. हा भाग २९ डिसेंबर १९६७ रोजी एनबीसी वाहिनीवरून प्रक्षेपित झाला. मालिकेच्या मूळ ७९ भागांपैकी बहुतेकांचा सूर गंभीर असून, उघडपणे विनोदी असलेल्या मोजक्या भागांत याचे स्थान फार वरचे आहे. पटकथाकार डेव्हिड जेरॉल्ड तेव्हा अवघ्या तेवीस वर्षांचे होते आणि त्यांची विकली गेलेली ही पहिलीच पटकथा होती.

ट्रिबलला हातपाय, डोळे, तोंड यांपैकी काहीच दिसत नाही. तो केवळ लोकरीच्या गुंड्यासारखा मऊ, केसाळ गोळा असतो. हातात घेतला की तो मंद गुरगुरतो आणि त्या आवाजाने माणसाचे मन शांत होते. मिळेल ते खाणे आणि वीण वाढवणे एवढीच त्याची कामे होत. कथेतील एंटरप्राइझ या अंतराळजहाजाचे डॉक्टर मॅककॉय यांना तपासणीअंती आढळते की हे प्राणी जणू गर्भार अवस्थेतच जन्माला येतात. माणसांना लळा लावणारे ट्रिबल क्लिंगॉन, म्हणजे मालिकेतील माणसांचे परग्रहवासी शत्रू, समोर येताच मात्र किंचाळतात, आणि कथेची उकल याच गुणावर होते.

कथानकाचा सांगाडा राजकीय डावपेचांचा आहे. शर्मन नावाच्या ग्रहावर पृथ्वीकडील संघराज्य आणि क्लिंगॉन साम्राज्य या दोघांचाही दावा आहे. जो पक्ष तो ग्रह अधिक चांगल्या रीतीने विकसित करून दाखवील त्याला तो मिळणार आहे. त्यासाठी क्वाड्रोट्रिटिकेल या सुधारित धान्याचा साठा के-७ या अंतराळस्थानकावर ठेवलेला असून त्याच्या राखणीसाठी एंटरप्राइझ जहाज बोलावले जाते. तेथे सिरॅनो जोन्स हा फिरता व्यापारी एक ट्रिबल जहाजावरील अधिकारी उहुरा हिला देऊन टाकतो आणि पाहता पाहता जहाजाचे कोपरे ट्रिबलांनी भरून जातात.

या भागाची खरी ताकद अशी की त्यातील एकही पात्र आपण विनोद करत आहोत असे समजून वागत नाही. धान्याच्या कोठाराचे वरचे दार उघडताच कप्तान कर्क ट्रिबलांच्या ढिगाऱ्यात छातीपर्यंत गाडला जातो; तशाही अवस्थेत तो आणि त्याचा सहकारी अधिकारी स्पॉक गंभीरपणे हिशेब करत राहतात, आणि वरून एकेक ट्रिबल कर्कच्या डोक्यावर पडतच राहतो. स्पॉक सांगतो तो आकडा १७,७१,५६१ आहे. एका ट्रिबलपासून सुरुवात, दर बारा तासांनी एक पिढी, प्रत्येकाला सरासरी दहा पिल्ले आणि तीन दिवसांचा अवधी असे गृहीत धरल्यास सहा पिढ्या होतात. प्रत्येक पिढीत संख्या अकरापट होत असल्याने अकराचा सहावा घात नेमका तेवढाच भरतो. विनोदी प्रसंगातही गणित चोख ठेवण्याचा हा कटाक्ष विशेष दाद देण्याजोगा आहे. जहाजाचा अभियंता स्कॉटी याचा प्रसंगही याच जातीचा आहे. क्लिंगॉन शिपाई कप्तानाची निंदा करतात तेव्हा तो स्वतःवर ताबा ठेवतो आणि सोबतचा अधिकारी चेकॉव्ह यालाही आवरतो. जहाजाला नावे ठेवताच मात्र तो पहिला ठोसा मारतो. शिक्षा म्हणून खोलीत डांबले जाताच, आता तांत्रिक नियतकालिके वाचायला सवड मिळेल, या विचाराने तो खूश होतो.

या गमतीमागे पर्यावरणाचा ठोस विचार आहे. ऑस्ट्रेलियात १८५९ मध्ये सोडलेल्या थोड्याशा सशांनी नैसर्गिक शत्रूंच्या अभावी पुढे तो खंड कसा व्यापला, या इतिहासाचा जेरॉल्ड यांच्या कल्पनेशी संबंध आहे. मूळ अधिवासातून उचलून मुबलक अन्नाच्या जागी नेलेला निरुपद्रवी जीवही संकट ठरू शकतो, हे सूत्र कथेत उपदेशाविना उतरले आहे. शिवाय हेच उपद्रवी प्राणी शेवटी उपयोगी पडतात: धान्य खाऊन ते मेल्यामुळे त्यात विष कालवल्याचे कळते आणि त्यांच्या किंचाळण्यामुळे मानवी वेषातील क्लिंगॉन हेर आर्न डार्विन पकडला जातो.

ट्रिबलांचे रूप ‘वा चँग’ नावाच्या कलाकाराने घडवले. कृत्रिम फरचे तुकडे शिवून व आत फोम भरून सुमारे ५०० ट्रिबल तयार करण्यात आले, तर हलणाऱ्या काही ट्रिबलांत बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यांची यंत्रणा बसवली होती. जहाजावरील अधिकारी सुलू याची भूमिका करणारे जॉर्ज टाकेई त्या काळात एका चित्रपटाच्या कामात गुंतले असल्याने या भागात दिसत नाहीत.

विज्ञानकथांसाठी दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्कारासाठी १९६८ मध्ये या भागाला नामांकन मिळाले. तो पुरस्कार याच मालिकेतील दुसऱ्या एका भागाला लाभला. १९७३ मध्ये मालिकेच्या अ‍ॅनिमेशन आवृत्तीत ट्रिबल परतले. पुढे ‘डीप स्पेस नाइन’ या नंतरच्या स्टार ट्रेक मालिकेने १९९६ मध्ये, मूळ मालिकेच्या तिसाव्या वर्षानिमित्त, आपली पात्रे जुन्या चित्रफितीत मिसळून नवा भाग रचला. त्यात चार्ली ब्रिल यांनी डार्विनची भूमिका पुन्हा केली, जेरॉल्ड स्वतः एका छोट्या भूमिकेत झळकले आणि ट्रिबलांचा समूळ नाश करण्यासाठी क्लिंगॉनांनी त्यांच्या मायभूमीवर आरमार धाडल्याचा वृत्तांत त्या मालिकेतील क्लिंगॉन अधिकारी वॉर्फ याने अत्यंत गांभीर्याने कथन केला.