संपर्क फॉर्मचा मेल का पोहोचत नाही?

संपर्क फॉर्मवर 'पाठवा' दाबलं की ब्राउझर मेल पाठवत नाही. तो फक्त नाव, ईमेल पत्ता आणि मजकूर पोस्ट रिक्वेस्टमधून सर्व्हरला देतो. मेल तयार करून एसएमटीपीने (मेल पाठवण्याच्या प्रोटोकॉलने) पुढे धाडणं हे सर्व्हरवरच्या कोडचं काम.

हमखास फसण्याची जागा म्हणजे फ्रॉम हेडर, मेलच्या माथ्यावरची पाठवणाऱ्याचा पत्ता सांगणारी ओळ. उत्तर फॉर्म भरणाऱ्याला द्यायचं, म्हणून त्याचाच पत्ता तिथे टाकावासा वाटतो. समजा, तो याहूचा आहे. मेल निघतो तुमच्या सर्व्हरवरून आणि नाव सांगतो याहूचं. घेणारा सर्व्हर एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) आणि डीकेआयएम (मेलवरची डोमेनची डिजिटल सही) तपासतो. यांपैकी एकही फ्रॉममधल्या डोमेनशी जुळलं नाही, तर या दोन्हींवर आधारलेली डीमार्क चाचणी नापास होते. असे मेल नाकारा, असं याहूने २०१४ पासूनच आपल्या डीमार्क धोरणात लिहून ठेवलं आहे. तेव्हा फ्रॉममध्ये कायम स्वतःच्या डोमेनचा पत्ता ठेवा आणि फॉर्म भरणाऱ्याचा रिप्लाय-टूमध्ये. 'रिप्लाय' दाबल्यावर उत्तर बरोबर त्यालाच जातं.

पीएचपीच्या मेल फंक्शनने 'ट्रू' दिलं म्हणजे मेल पोहोचला असं नाही. सर्व्हरने तो पाठवण्यासाठी स्वीकारला, इतकाच त्याचा अर्थ. त्यापेक्षा पीएचपीमेलर किंवा नोडमेलरसारखी लायब्ररी वापरून, लॉगिन करून, ५८७ पोर्टवरून स्टार्टटीएलएसने (म्हणजे कनेक्शन एन्क्रिप्ट करून) पाठवलेलं बरं. काही चुकलं तर नेमकी एरर तरी हाती लागते. २५ पोर्ट बऱ्याच क्लाउड कंपन्या बंदच ठेवतात, त्यामुळे तिथे कनेक्शन नुसतं लटकतं आणि टाइमआउट होतं. एसएमटीपीचा पासवर्ड कोडमध्ये नको, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेर, सर्व्हरच्या सेटिंगमध्ये) हवा.

हेडर इंजेक्शनचा धोका मात्र खरोखर गंभीर आहे. मेलमधलं प्रत्येक हेडर नव्या ओळीने वेगळं होतं. कोणी नावाच्या रकान्यात एक नवी ओळ घुसवून पुढे 'बीसीसी:' आणि शेकडो पत्ते लिहिले, आणि कोडने ते नाव न तपासता हेडरमध्ये जोडलं, तर तुमचाच सर्व्हर स्पॅम वाटत सुटतो. रकाना एका ओळीचा दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका. रिक्वेस्ट ब्राउझरशिवायही पाठवता येते. नाव, पत्ता, विषय यांत नवी ओळ दिसली की सर्व्हरने फॉर्म तिथेच नाकारावा.

आणि मेल पाठवण्याआधी मजकूर डेटाबेसमध्ये साठवा. मेल अडला तरी निरोप हरवत नाही. शेवटी ३०३ रीडायरेक्ट द्या (ब्राउझरला दुसऱ्या पानावर पाठवा), म्हणजे पान रिफ्रेश केल्यावर तोच मेल दुसऱ्यांदा जाणार नाही.