कृषिनेतृत्व प्रशिक्षण (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव जिल्ह्यातील निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर आदी मराठी वस्तीच्या तालुक्यांत शेती, पाणी व वन या क्षेत्रांत गावपातळीवर पुढाकार घेणारे कार्यकर्ते तयार करणारी शिबिरे व अभ्यासक्रम, तसेच त्यांतून बाहेर पडलेल्यांचे कार्य.

या परंपरेच्या उगमाविषयी एकमत नाही. एका मतानुसार तिचे मूळ सहकारी चळवळीत आहे. शेजारच्या तत्कालीन धारवाड जिल्ह्यात कणगिनहाळ (सध्या गदग जिल्हा) येथे १९०५ मध्ये सिद्धनगौडा पाटील यांनी शेतकी पतसंस्था काढली आणि पुढे गावोगावच्या सोसायट्यांसाठी चिटणीस तयार करण्याची गरज निर्माण झाली. मात्र या शिक्षणाचा भर हिशेब व दप्तरावर होता. शिवाय आजचा सीमाभाग तेव्हा एका अंमलाखाली नव्हता : रायबाग कोल्हापूर संस्थानात, शहापूर सांगली संस्थानात, बाकी बराचसा मुंबई इलाख्यात. त्यामुळे इलाख्यातील सहकारी शिक्षणाचा इतिहास सरसकट सीमाभागाला लावणे धाडसाचे ठरते. दुसरे मत धारवाडच्या कृषी महाविद्यालयाकडे (स्थापना १९४७) बोट दाखवते. पण पदवी शिक्षण आणि नेतृत्व प्रशिक्षण या वेगळ्या गोष्टी होत.

तिसरे मत शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी (१९३५–२०१५) यांच्या आंबेठाण (जि. पुणे) येथील शिबिरांना महत्त्व देते, आणि ते अधिक ग्राह्य वाटते. पिकाचा उत्पादन खर्च घरच्या मजुरीसह मांडायचा आणि त्यावर आधारित भाव मागायचा, ही शेतकरी संघटनेची शिकवण होती. मार्च–एप्रिल १९८१ मध्ये निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी पुणे–बंगळूर महामार्गावर ठिय्या दिला, तेव्हा हाच हिशेब मागणीचा आधार होता. आंदोलनाचा शेवट पोलीस गोळीबारात झाला. त्यात शेतकरी मृत्युमुखी पडले. निपाणीतील संघटन प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने उभे राहिले असल्याने शिबिरांनी आंदोलन घडविले की आंदोलनाने कार्यकर्ते घडविले, हा प्रश्न उरतोच. बहुधा दुसरे अधिक खरे असावे.

१९५६ मध्ये बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात (सध्याचे कर्नाटक) गेला (चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला व पुढे महाराष्ट्रात आला) आणि शासकीय प्रशिक्षणाची मुख्य भाषा कन्नड झाली. धारवाड कृषी विद्यापीठ (१९८६), तुक्कानट्टी व मत्तिकोप्प येथील कृषी विज्ञान केंद्रे आणि होबळीनिहाय (होबळी म्हणजे तालुक्यातील महसुली मंडळ) रयत संपर्क केंद्रे, म्हणजे कृषी खात्याची शेतकरी केंद्रे, यांचे कार्यक्रम जिल्हाभर चालतात. मराठी माध्यमात शिकलेल्या तरुणांना मात्र कोल्हापूर, सांगली व कोल्हापूरजवळचा कणेरी मठ जवळचे वाटतात. २००२ पासूनच्या केंद्रीय कृषी चिकित्सालय योजनेत (शेतीसल्ला व सेवेचा व्यवसाय काढण्यासाठीची योजना) कृषी पदवीधरांना ४५ दिवसांचे निवासी प्रशिक्षण मिळते. बँक कर्जाशी निगडित अनुदान ३६ टक्के, तर स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींसाठी ४४ टक्के असते. अशा प्रशिक्षणानंतरचे नेहमीचे व्यवसाय म्हणजे कृषी सेवा केंद्र, ऊस रोपवाटिका, माती परीक्षण व दुग्धव्यवसाय. यशोगाथांत उलाढालीचे आकडे ठळक असतात. गावाच्या पीकपद्धतीत काय फरक पडला, हे क्वचितच सांगितले जाते. तंबाखूकडून ऊस व सोयाबीनकडे झालेल्या वळणाचे श्रेय प्रशिक्षितांना देताना साखर कारखाने आणि दूधगंगा–वेदगंगेवरील उपसा सिंचन यांचा वाटा विसरता येत नाही.

पाण्याच्या क्षेत्रात धारवाडची जल व भूमी व्यवस्थापन संस्था (वाल्मी) पाणीवापर सहकारी संघांच्या पदाधिकाऱ्यांना प्रशिक्षण देते. घटप्रभा नदीवरील हिडकल धरणाच्या लाभक्षेत्रात अशा संघांना वाव आहे. खानापूरच्या पश्चिमेकडील डोंगराळ गावांना या प्रशिक्षणाचा उपयोग अल्प.

वनक्षेत्रात १९९३ च्या शासन आदेशाने कर्नाटकात ग्राम अरण्य समित्या (वनखात्याबरोबर वन राखणाऱ्या गावसमित्या) आल्या. खानापूर तालुक्यातील भीमगड परिसर २०११ मध्ये अभयारण्य घोषित झाला.